कंडक्टरीणबाईंनी न नाकारलेलं पार्सल

आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर कंडक्टरीणबाई राहतात. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नाव तेच चिकटलं. उभं आयुष्य बसमध्ये उभं राहण्यात गेलं, त्यामुळे चालताना अजून पाय जरा फाकवूनच टाकतात. जमीन कधी हलेल याचा भरवसा नाही, असं बघणाऱ्याला वाटावं. आवाज असा खणखणीत की त्या जिन्यात कुणाशी बोलल्या तर तळमजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात शब्दन् शब्द कळतो.

त्यांचे यजमान, आमचे सगळ्यांचे काका, पत्रे कापायच्या कारखान्यात होते. कारखान्याने पोट भरलं आणि कान नेले. कानाला मशीन लावलेलं असलं की काका एकदम तल्लख. दोघांचा संसार म्हणजे लग्नापासून चालू असलेला एकच वाद. खिडकी उघडी ठेवायची की बंद, भाजीवाला लबाड आहे की नुसता विसराळू, यावर सकाळ निघायची. तो वाद ऐकत मी चपात्या लाटायची. रेडिओ लावायची गरज पडत नसे.

एके दिवशी काकांचं मशीन बंद पडलं. दुकानदाराने उघडून पाहिलं आणि हात टेकले. ज्या कंपनीने बनवलं तिच्याकडेच पाठवा म्हणाला, आणि ती दुसऱ्या शहरात. बाईंनी मशीन कापसात गुंडाळलं, डबीत ठेवलं, डबीवर कापड शिवलं आणि पोस्टात गेल्या.

पोस्टाला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंच मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं बाईंनी सांगितलं, आणि त्या एकदा सांगून थांबणाऱ्यातल्या नाहीत.

काउंटरवर एक तरुण मुलगी बसायची. बाईंनी साधं रजिस्टर पार्सल मागितलं. मुलीची बोटं भराभर चालली, पावती सरकली, "पुढचे" म्हणून तिने मागच्या माणसाकडे पाहिलं. बाई बाहेर आल्या आणि आकडा बघून थबकल्या. पावतीवर जलद सेवा होती, विमा होता, मोबाईलवर निरोप येण्याची सोय होती. त्यातलं काहीच त्यांनी मागितलं नव्हतं. त्या परत आत गेल्या. मुलगी म्हणाली, एकदा निघालेली पावती रद्द होत नाही, आणि तुमच्याच भल्यासाठी केलंय, वस्तू महागाची आहे ना. वर अपघात विम्याची एक योजना आहे, तीही बघून ठेवा म्हणाली. मागे रांग खोळंबली होती, घरी काका एकटे होते. बाई तेवढ्यावर घरी आल्या, पण मनात ते सलत राहिलं.

"आम्ही माणसाला उतरायचं असेल तिथलंच तिकीट दिलं," त्या मला म्हणाल्या. "पुढच्या स्टॉपचं फाडून हातात दिलं असतं तर लोकांनी बस जाळली असती."

मशीन गेल्यावर घर अगदी गप्प झालं. सुरुवातीला बाई मोठ्याने बोलून बघायच्या, मग खुणा करायच्या. काकांना ते आवडेना. ते नुसती मान डोलवायचे, विचारलेलं कळलं नसलं तरी. मग हळूहळू मान डोलवणंही थांबलं. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि तिथेच डुलकी लागायची. जिन्यातून माझ्याकडे येणारा आवाज बंद झाला, तेव्हा आपल्याला काय काय ऐकायची सवय झाली होती ते मला कळलं.

कंपनीने मशीन दुरुस्त करून पाठवलं, तसा बाईंच्या मोबाईलवर, आज पार्सल येईल, असा निरोप आला. त्या दिवशी त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. दुपारी दुसरा निरोप आला: घर बंद असल्याने वस्तू पोचवता आली नाही. बाईंनी दार उघडून बघितलं, घंटी वाजवून बघितली. घंटी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी त्या स्टूल घेऊन दारातच बसल्या, तांदूळ निवडत. दुपारी निरोप आला की पत्ता सापडला नाही. त्या पत्त्यावर त्या लग्न होऊन आल्या होत्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशीही त्या दारातून हलल्या नाहीत. निरोप आला: वस्तू घेण्यास नकार दिल्याने परत पाठवली आहे.

त्या मोबाईल हातात धरून खाली माझ्याकडे आल्या. बोलायच्या आधी पाणी मागितलं, ते प्यायल्या.

"घर बंद म्हणाले, मी ऐकून घेतलं. पत्ता नाही म्हणाले, तेही गिळलं. पण मी नाकारलं? माझ्या नवऱ्याचे कान मी परत पाठवले?"

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या. मुलीने कानावर हात ठेवले. तक्रार इथे नाही, फोनवर करायची, म्हणून एक नंबर दिला. बाईंनी तिथूनच तो लावला. पलीकडे यंत्रातली बाई होती. तिने आधी बचत योजनेची माहिती दिली, मग एक दाबा, दोन दाबा म्हणत बराच वेळ फिरवलं आणि शेवटी फोन ठेवून दिला. बाई पुन्हा काउंटरवर. या वेळी मुलीने जरा पुढे वाकून एक नवीन कार्ड दाखवलं. ते घेतलं की तुमचं टपाल आधी पोचतं, म्हणाली.

"म्हणजे पोचवायचे पैसे वेगळे," बाई म्हणाल्या, "आणि खरोखर पोचवायचे वेगळे?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलीचा चेहरा पडला. बाई हसल्या नाहीत. पार्सल येईपर्यंत मी रोज इथे येऊन उभी राहीन, एवढंच त्यांनी सांगितलं. भांडणार नाही, ओरडणार नाही. उभं राहायची मला सवय आहे.

आणि त्या उभ्या राहिल्या. काकांना जेवायला वाढून यायच्या, भिंतीशी टेकायच्या, दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन परत यायच्या. पहिले काही दिवस त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं, तरी त्या मुलीच्या नाकी नऊ आले. कुणी आपल्याकडे रागाने बघितलं तर उलट बघता येतं. बाई शांतपणे बघायच्या, त्याला काय करणार?

मग एका दिवशी पलीकडच्या गोदामाचा म्हातारा रखवालदार आला. नातीला काही कागद पाठवायचे होते. मुलीने पाकीट घेतलं आणि इथे सही करा म्हणून एक कागद पुढे केला. म्हाताऱ्याने पेन धरलं.

"बाबा, कशाला आलात?" बाईंनी भिंतीपासून विचारलं.

"पाकीट टाकायला."

"मग सही कशावर करताय?"

"पाकिटाचीच असेल की," म्हातारा म्हणाला आणि मुलीकडे बघू लागला.

कागद अपघात विम्याचा होता. मुलीने तो हळूच मागे घेतला. त्यानंतर रांगेतला प्रत्येक जण खिडकीशी गेला की आधी विचारायचा, यात मी मागितलेलं काय आणि तुमचं काय? माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला येणारेही त्याच गोष्टी सांगू लागले. कुणाच्या आईला विमा, कुणाच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला भलतीच जलद सेवा. आणि "घर बंद" तर घरोघरी.

पोस्टमास्तरांनी बाईंना आत बोलावलं. चहा मागवला. तुमच्यामुळे कामात अडथळा येतोय, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. बाईंनी चहा घेतला. माझ्यामुळे कोणतं काम अडलं ते एक सांगा, म्हणजे मी घरी जाते, असं त्यांनी विचारलं. पोस्टमास्तरांनी कंपनीला फोन लावला आणि पार्सल पुन्हा पाठवायला सांगितलं. दुसरं कुणी असतं तर एवढ्यावर समाधान मानून घरी गेलं असतं. बाईंनी विचारलं, "पण मी नाकारलं असं लिहिलं कुणी?"

ते लिहिणारा पोस्टमन लंबू. हे नाव गल्लीने दिलेलं, उंचीवरून. त्याला गाठायला बाई सकाळी खालीच, माझ्या दाराशी बसल्या. तो आला, सायकल भिंतीला लावली आणि जिन्याकडे न बघताच मोबाईलवर अंगठा चालवू लागला. बाई मागे जाऊन उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यांच्या सगळ्या नावांपुढे एकेक करून 'घर बंद' लागत होतं.

"घरं उघडी आहेत रे," त्या म्हणाल्या.

लंबू दचकला. मग वेड पांघरायचा प्रयत्न केला, नेटवर्कला नावं ठेवली. बाई खनपटीलाच बसल्या, तेव्हा पायरीवर टेकला आणि बोलला. शेजारच्या दोन भागांतले पोस्टमन निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, ते भागही याच्याच गळ्यात आले. दुपारपर्यंत पिशवीतल्या प्रत्येक वस्तूपुढे काहीतरी उत्तर भरावंच लागतं, नाही भरलं तर वरून विचारणा होते. सारखं "घर बंद" लिहिलं तरी विचारणा होते, म्हणून मग कधी पत्ता नाही, कधी नकार, असं आलटून पालटून. गुडघा गेलेला. जिने चढायचे तर अर्धी पिशवी तशीच राहते.

"मावशी, चुकलंच माझं," तो म्हणाला. "पण करू काय सांगा."

"तुझा गुडघा दुखतो याचं मला वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "पण मला वाईट वाटून ह्यांना ऐकू येणार नाही."

त्यांनी त्याला सोडलं नाही, पण त्याचं नावही कुठे दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पायात कापडी बूट घालून त्या त्याच्याबरोबर फेरीला निघाल्या. खरं बोलतोय की नुसतं रडगाणं गातोय ते मला बघायचंय, म्हणाल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि माझ्या दुकानातल्या बाकावर त्या अक्षरशः कोसळल्या. भर उन्हात चालूनही निम्मी फेरीसुद्धा झाली नव्हती, आणि लंबू त्या दिवशी, त्या बघत होत्या म्हणून, एकेक जिना चढला होता. "हा माणूस चोर नाही," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पाठीवर तिघांची पिशवी टाकलीय."

पार्सल आलं ते लंबूनेच आणलं. कठड्याला धरत वरपर्यंत चढला, घंटी वाजवली आणि डबी काकांच्या हातात दिली. काकांनी मशीन कानात बसवलं, थोडा वेळ डोळे मिटून घेतले. गल्लीत कुणीतरी बादली ओतली, तो आवाज ऐकून म्हणाले, "पाणी वाया घालवतायत." मग बायकोकडे वळून म्हणाले, खिडकी आधी बंद कर. बाई उठल्या नाहीत. उघडीच राहणार म्हणाल्या. लंबू दारात घाम पुसत उभा होता. हे सगळं त्यानेच मला खाली आल्यावर सांगितलं.

काकांना वाटलं, संपलं. पण सकाळी बाई पुन्हा चपला घालू लागल्या. आता कशाला, मिळालं ना, असं काकांनी विचारलं. त्यावर दोघांचं जोरदार वाजलं, आणि ते मी अगदी मन लावून ऐकलं. काकांचं म्हणणं, आपलं काम झालं, लोकांच्या भानगडी लोक बघतील. बाईंचं म्हणणं, मला मिळालं ते मी उभी राहिले म्हणून. ज्याला उभं राहता येत नाही त्याने काय करायचं?

त्याच सुमारास दुपारच्या सुट्टीत ती काउंटरवरची मुलगी माझ्या दुकानात आली. बाई तिथेच होत्या. मुलगी आधी दारात घुटमळली. मग म्हणाली, तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा मला घरी जाऊनही झोप लागत नाही. घरी तान्हं बाळ आहे. दर आठवड्याला कुणी किती विमे विकले याची नावं सगळ्यांसमोर वाचली जातात. मागे पडणाऱ्याची बदली लांब, गावाबाहेरच्या शाखेत होते. मग बाळाला कुठे ठेवू?

"मी न विचारताच टाकते," ती म्हणाली, "कारण विचारलं तर लोक नको म्हणतात."

बाईंनी तिला बाकावर बसायला जागा दिली. तू केलंस ते चूकच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण हे तुला करायला लावणारा काचेमागे बसत नाही, तो कुठे भेटेल तेवढं सांग, म्हणाल्या. मुलीने सांगितलं की पुढच्याच आठवड्यात विभागाचे मोठे साहेब येणार आहेत. ग्राहकांचा मेळावा आहे. नवीन विमा योजना लोकांना समजवायची आहे.

मेळावा पोस्टाच्या वरच्या सभागृहात झाला. एरवी चार डोकी जमली नसती. बाईंनी आमची गल्ली, मागची गल्ली, गोदामाचा रखवालदार, लंबूच्या फेरीत भेटलेली माणसं, सगळ्यांना घरोघरी जाऊन सांगितलं होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत. गर्दी बघून साहेब खूश झाले. योजनेबद्दल बरंच बोलले. शेवटी कुणाला शंका असेल तर विचारा म्हणाले, आणि बाई उठल्या. माईक त्यांना लागला नाही.

योजना चांगली असेल, त्या म्हणाल्या, पण मला आधी दुसरं विचारायचंय. मग त्या साहेबांकडे पाठ करून लोकांकडे वळल्या.

"घरात असताना 'घर बंद' असा निरोप ज्यांना आलाय, त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. आधी पुढच्या रांगेतले, मग मागचे, मग भिंतीशी उभे राहिलेले. न मागता विमा कुणाला मिळाला, असं त्यांनी विचारलं. पुन्हा तेच. साहेब गडबडले. हा स्थानिक कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा आहे, मी कारवाई करतो, नावं सांगा, म्हणाले.

"नावं देणार नाही," बाई म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी मला नकोय. तीन भागांना एक पोस्टमन का आहे, ते सांगा."

साहेब म्हणाले, जागा रिकाम्या असल्याचं मला माहीत आहे, पण कामाचा ताण आहे अशी एकाही कर्मचाऱ्याची तक्रार माझ्याकडे नाही. पोस्टमास्तर बुटांकडे बघत होते. तेवढ्यात मागच्या दाराशी एक लांबलचक हात वर गेला. लंबू. तो नुसता हात वर धरून उभा राहिला. आणि मग चहाच्या टेबलामागून, डोळे खाली ठेवून, त्या मुलीनेही हात वर केला. माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

साहेबांनी बघतो, करतो म्हटलं, जसं म्हणायची पद्धत असते. बाईंनी ते मान्य केलं आणि बघितलं की नाही हे विचारायला मी दर सोमवारी तुमच्या कचेरीत येईन, असं सांगून खाली बसल्या. साहेबांना ते नुसतं बोलणं वाटलं असावं. सोमवारी शिपायाने आत जाऊन कोण आलंय ते सांगितलं, तेव्हा त्यांचा भ्रम फिटला.

बऱ्याच सोमवारांनंतर दोन गोष्टी झाल्या. काउंटरच्या काचेवर साध्या सेवेचे दर मोठ्या अक्षरांत लागले, आणि आधी तेच सांगायचं असा हुकूम आला. विमे विकायचे थांबले नाहीत, पण आता विचारून विकतात, नको म्हटलं तर पुढे जातात. आणि शेजारच्या दोन भागांसाठी एक नवीन पोस्टमन आला. दोघांचं काम अजून तो एकटाच करतो, पण लंबूला आमचे जिने चढायला वेळ मिळू लागला. तो मधल्या मजल्यावर दम खातो, कुणीतरी पाणी देतं.

मुलीची मात्र बदली झाली. हात वर केल्याची शिक्षा, असं कुणी म्हटलं नाही, कागदावर "प्रशासकीय कारण" होतं. शाखा गावाबाहेर, बस बदलून जावं लागतं. निरोप घ्यायला ती बाळाला घेऊन बाईंकडे आली. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तुला हात वर करायला मीच लावलं, एवढंच मधे एकदा म्हणाल्या. मुलगी म्हणाली, हात माझा मी वर केला होता, तुम्ही ओढला नव्हता.

ती गेल्यावर बाईंनी काकांना विचारलं, विभागाच्या कचेरीपासून त्या शाखेला कोणती बस जाते. काकांनी चुकीची सांगितली, त्यावर वाद झाला. मग काकाच उठून पायात बूट घालू लागले.

आता सोमवारी दोघं जातात. आधी साहेबांच्या कचेरीत बाकावर बसतात आणि बदली रद्द कधी होणार ते विचारतात. तिथून बस धरून मुलीला भेटायला जातात, ती काउंटरवर असते तोवर काका बाळाला मागच्या खोलीत सांभाळतात. बदली अजून रद्द झालेली नाही. साहेबांनी परवा पहिल्यांदाच त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, आणि फाईल वर पाठवल्याचं सांगितलं. वर म्हणजे कुणाकडे, त्या माणसाचा पत्ता द्या, असं बाईंनी विचारलं. साहेबांनी तो लिहून दिला.